पायाला भिंगरी, हातात पळी : मुलग्यांच्या भातुकलीचा इतिहास

एका जागी क्षणभर न टिकणाऱ्या मुलग्याला भातुकली मानवते का? प्रश्न खेळण्याच्या दुकानातला वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी शाळा, जात, गिरणी आणि खानावळ असा बराच इतिहास साचलेला आहे. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

प्रश्नाला एक गाव हवे, म्हणून बोनकोडे घेऊ. ठाणे खाडीच्या पूर्वेला, कोपरखैरण्याच्या कुशीत वसलेले हे जुने गावठाण. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. खाडीकाठच्या या पट्ट्यात आगरी-कोळी समाजाची भातशेती होती, मिठागरे होती, मासेमारी होती. आज गावठाणाच्या चिंचोळ्या गल्ल्यांना सेक्टरांनी वेढले आहे. अंगण गेले, खळे गेले, आणि मुलांचा खेळ घराच्या चार भिंतींत आला. त्या खेळात आता प्लॅस्टिकचा ‘किचन सेट’ असतो : शेगडी, नळ, सिंक, दोन कढया आणि एक रबरी टोमॅटो.

मुलीसाठी तो घेताना कोणी चर्चा करीत नाही. मुलग्यासाठी घ्यायचे ठरले की दोन आक्षेप निघतात. पहिला, हा मुलींचा खेळ. दुसरा, आमचा मुलगा दांडगा आहे. तो बसून खेळणार नाही, दोन दिवसांत मोडून ठेवील. पहिला आक्षेप हल्ली उघडपणे घ्यायला लोक लाजतात. म्हणून दुसरा पुढे करतात. तो समंजस वाटतो, आणि म्हणूनच त्याची इतिहासाच्या अंगाने तपासणी व्हायला हवी.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘भातुकली’च्या पोटात ‘भात’ आहे. जुन्या मराठीत ‘भातुके’ म्हणजे लेकराला द्यायचा खाऊ. संतांच्या वाणीतही तो शब्द याच अर्थाने येतो. म्हणजे या खेळाच्या केंद्रस्थानी भांडे नव्हते, खाणे होते. आईने मूठभर पोहे, चिमूटभर गूळ, चार शेंगदाणे द्यावेत आणि पोरांनी त्याचा स्वयंपाक मांडावा. खोट्या चुलीवर खरा गूळ, अशी ती रीत होती.

भातुकलीची दोन रूपे महाराष्ट्रात दिसतात. एक श्रीमंत घरातली : पितळेची इवलीशी जाती, बंब, पातेली, परात, शेगडी. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या रंगीत लाकडी खेळण्यांतही भातुकलीचा मान मोठा. दुसरी भातुकली विकत मिळत नसे. किनाऱ्यावरच्या गावांत नारळाची करवंटी हे पातेले, शिंपला ही पळी, तीन दगड ही चूल आणि ओल्या मातीच्या भाकऱ्या. पहिली भातुकली मांडून बसायची, दुसरी धावून गोळा करायची. पाणी आणा, काटक्या वेचा, माती मळा, चूल पडली की पुन्हा रचा. दांडग्या पोराला बसून राहण्याची सक्ती त्यात नव्हती. उलट ज्याचे पाय चालत त्याचीच तिथे गरज होती. आपण आज ‘भातुकली’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पहिली येते. दुसरी खेळणारी मुले संख्येने कितीतरी अधिक होती, पण त्यांची भांडी कोणी कपाटात जपली नाहीत.

(जाता जाता : पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवायला घेतलेल्या संग्रहात दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकघरातली भांडी मोठ्या प्रेमाने ठेवलेली आहेत. त्या संग्रहालयाला नाव दिले आहे ते राजाचे, म्हणजे बालपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचे. घरगुती वस्तूंचे महाराष्ट्रातले सर्वांत नामांकित दालन एका लहान मुलग्याच्या नावाने उभे आहे.)

मात्र जुन्या काळचे उगाच गोडवे गाऊ नयेत. अंगणातल्या भातुकलीतही मुलगे असत. पण पुष्कळदा पाहुणे म्हणून. बाहुलीचे लग्न मांडले की मुलगे वरपक्षाकडून येत, पंगतीला बसत, गूळ-शेंगदाणे संपवत आणि विटीदांडू घेऊन पळ काढत. पुढे मंगेश पाडगावकरांनी लिहिलेल्या आणि अरुण दाते यांनी गायलेल्या भावगीताने भातुकली हा राजाराणीचा डाव करून टाकला. गीत अवीट आहे. पण त्या डावात चूल कोणी फुंकली, हे विचारण्याची सोय त्याने ठेवली नाही.

तरीही स्वयंपाक आणि पुरुषी रग यांचे आपल्याकडे वैर नव्हते. त्याचा पुरावा रोजच्या बोलीत आहे. उत्तम स्वयंपाक करणाऱ्या पुरुषाला आपण ‘बल्लवाचार्य’ म्हणतो. हा बल्लव कोण? अज्ञातवासात विराटाच्या मुदपाकखान्यात राहिलेला भीम. पाचही भावांत अंगाने सर्वांत धिप्पाड, रागाने सर्वांत अनावर, आणि त्यानेच वेष घेतला आचाऱ्याचा. त्याच विराटपर्वात तो जीमूत नावाच्या मल्लाला कुस्तीत लोळवतो. सकाळी डाळ, दुपारी आखाडा! महाभारतकाराला यात विसंगती वाटली नाही. नळराजाही बाहुक होऊन पाकशाळेत राबला आणि ‘नलपाक’ हा शब्द मागे ठेवून गेला. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ‘मानसोल्लास’ रचतो, तेव्हा युद्ध, हत्ती, शिकार आणि खेळ यांच्या जोडीला अन्नभोगाचा तपशीलही तो राजाला साजेसा विषय म्हणून मांडतो.

आणि मुलग्यांचा सर्वांत दांडगा सण तरी कोणता? गोपाळकाला. गोठ्यातल्या पोरांनी आपापली शिदोरी एकत्र कालवली आणि वाटून खाल्ली, एवढीच त्याची मूळ कल्पना. पोहे, दही, लोणचे, जे ज्याच्या घरचे ते. वारकरी परंपरेत सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. नवी मुंबईच्या गावठाणांतही गोविंदा थर लावतो. पण वरच्या मडक्याकडे पाहताना खालचा काला विसरला जातो. मुलग्यांनी मिळून अन्न कालवणे आणि वाढणे हा त्या सणाचा गाभा आहे, मनोरे ही त्याची बाह्यांगे.

मग स्वयंपाकघर केवळ मुलींचे केव्हा झाले? कामाची वाटणी फार जुनी आहे, याबद्दल वाद नाही. घरातली चूल बाईकडे आणि देवळातली, लग्नातली, दरबारातली चूल आचाऱ्याकडे, अशी ती होती. परंतु ‘स्वयंपाक हा मुलींचा अभ्यासविषय आहे’ ही कल्पना नवी आहे आणि तिचा काळ बराचसा नेमका दाखवता येतो. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ छापले गेले. मराठीतले हे आरंभीचे छापील पाकपुस्तक एका पुरुषाचे, आणि त्याच्या नावात ‘शास्त्र’ आहे. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे हजार पाकक्रियांचे पुस्तक आले. त्याचे नाव ‘गृहिणी-मित्र’. पस्तीस वर्षांत पाककलेच्या पुस्तकाचा वाचक नावातच ठरून गेला.

या पस्तीस वर्षांत काय घडले होते? मुलींच्या शाळा निघाल्या होत्या. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेचे मुलींचे हायस्कूल सुरू झाले, तेव्हा इंग्रजी आणि गणित शिकून मुली घरकामाला निकामी होतील, अशी ओरड वृत्तपत्रांतून झाली. या ओरडीला सुधारकांनी दिलेले व्यवहारी उत्तर म्हणजे गृहशिक्षण : मुलगी शिकेल, पण स्वयंपाकासह शिकेल. १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठातही गृहजीवनशास्त्राला मानाचे स्थान होते. माझ्या मते ही त्या काळाशी केलेली तडजोड होती, आणि तिच्यामुळे हजारो मुलींना शाळेचे दार उघडले. तिला दूषणे देणे सोपे आहे, तिच्यावाचून काय झाले असते हे सांगणे अवघड. पण तिची किंमत मुलग्यांनीही मोजली. विषयच मुलींचा ठरल्यावर खेळही मुलींचा ठरला.

किंमत कोणत्या स्वरूपात मोजली, ते मुंबईत दिसते. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दहा-बारा जण राहत. दिवसभर साचा चालवणाऱ्या या बाप्यांना दोन वेळचे जेवण खानावळीकडून येई, आणि ती खानावळ गिरणगावातलीच एखादी बाई आपल्या दहा फुटांच्या खोलीत पहाटेपासून चालवी. कर्ज सावकाराचे, भाव वाण्याचा, आणि पगार होईपर्यंत उधारी. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा कुठे त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले. एका मोठ्या कामगारवर्गाचे पोट बायकांच्या न मोजलेल्या श्रमावर चालत होते. ज्या हातांना लहानपणी पंगतीला बसण्याखेरीज दुसरी भूमिका मिळाली नाही, ते हात शहरात आले तेव्हा त्यांना भाकरी थापता येत नव्हती.

मशीद बंदरच्या गाळ्यांतले माथाडी कामगारही याच चालीने राहत. सातारा-सांगलीकडचे हे लोक पुढे घाऊक बाजार खाडीपलीकडे आला तसे नवी मुंबईत आले, आणि कोपरखैरणे, घणसोली येथे माथाडींच्या वसाहती झाल्या. म्हणजे बोनकोड्याच्या शेजारी आज जी मुले वाढत आहेत, त्यांतल्या अनेकांचे आजोबा खानावळीच्या डब्यावर जगलेले आहेत.

आता थोडे दूर जाऊ, कारण ‘खोटे स्वयंपाकघर’ या वस्तूचा इतिहास युरोपातही आहे. न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी घडवलेली छोटी स्वयंपाकघरे प्रसिद्ध होती. तांब्याची भांडी, चूल, फळ्या सारे हुबेहूब. हेतू उघड होता : मुलीने गृहिणी व्हायला शिकावे. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरी यांनी पहिले बालगृह उघडले, तेव्हा त्यांच्याकडेही सुंदर खेळणी होती. मुले त्यांना हात लावीनात. बाईंना नवल वाटले; त्यांनी स्वतः मुलांजवळ बसून बाहुलीच्या स्वयंपाकघरात विस्तव कसा पेटवायचा, इवल्या ताटल्या कशा मांडायच्या ते दाखवले. मुलांनी थोडा वेळ पाहिले आणि ती निघून गेली. त्यांना खरे काम हवे होते. त्याच बालगृहात चार वर्षांची मुले, त्यांत मुलगेही आले, गरम सूपचे भांडे सांभाळून टेबलावर नेत आणि वाढत.

येथे आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. खेळातल्या चुलीला मुले कंटाळली, त्यात मुलगा-मुलगी हा भेद नव्हता. कंटाळा खोटेपणाचा होता.

ही दृष्टी महाराष्ट्रात आणली ती ताराबाई मोडक यांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत त्या सहभागी झाल्या. शहरातले बालमंदिर महाग साहित्यावर चालते, खेड्यात ते परवडत नाही, हे ओळखून १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डी, कोसबाड आणि बोनकोडे ही तिन्ही तेव्हा एकाच ठाणे जिल्ह्यात होती. शिंपले, खडे, बिया, पाने हेच तिथले शैक्षणिक साहित्य. झाडणे, निवडणे, पाणी भरणे, सारवणे ही कामे म्हणजे अभ्यास. वारली पाड्यांवरचे मुलगे गुरे राखायला जात, शाळेत टिकत नसत. तेव्हा बाईंनी मुलांना दामटून बसवण्याऐवजी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव ‘कुरणशाळा’. धावणाऱ्या मुलाविषयी याहून मार्मिक उत्तर महाराष्ट्राच्या शिक्षणात मला तरी दुसरे ठाऊक नाही.

मोठ्या मुलग्यांचे उदाहरण साताऱ्याचे. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले; १९२७ साली महात्मा गांधींनी त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. तेथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि स्वयंपाकासह सारी कामे स्वतः करीत. त्या काळात कोणी कोणाच्या हातचे खायचे, हा जातिव्यवस्थेचा सर्वांत काटेकोर नियम होता. चुलीपाशी उभा राहिलेला प्रत्येक मुलगा तो नियम मोडीत होता. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासह, या मुलांसाठी मोडले. मुलग्यांच्या स्वयंपाकाचा असा इतिहास असताना त्याला बायकी म्हणणे हे अज्ञान आहे. भाऊरावांच्या नावाचे महाविद्यालय आज वाशीत उभे आहे, बोनकोड्यापासून हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’तही ‘पत्रावळ’ नावाचे प्रकरण आहे. जेवायचे तर पान लावता आले पाहिजे, हा धडा तिथे मुलग्याला मिळतो. पुढे अमळनेरच्या छात्रालयात हेच गुरुजी मुलांच्या खोल्या झाडीत, कपडे धूत. धडा कुठून आला ते वेगळे सांगायला नको.

आता ‘तो बसत नाही’ या आक्षेपाकडे. १९४० च्या दशकात मानुयलेन्को या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांवर एक साधा प्रयोग केला. ‘हलू नकोस’ असे नुसते सांगितले तर मूल थोडाच वेळ स्थिर राहते. ‘तू पहारेकरी आहेस’ असे सांगितले की तेच मूल कितीतरी अधिक वेळ स्थिर उभे राहते. त्याआधी १९३३ साली वायगॉट्स्की यांनी याचे कारण मांडून ठेवले होते : कल्पनेच्या खेळात स्वातंत्र्य दिसते, पण प्रत्येक भूमिकेला नियम असतो आणि मूल तो आपखुशीने पाळते. आपल्याकडे दिवाळीत किल्ला करणारी पोरे पाहावीत. एरवी दोन मिनिटे न टिकणारा मुलगा तासभर चिखल कालवतो, बुरूज लिंपतो, तटावर अळीव पेरतो, मावळा कुठे ठेवायचा यावर भांडतो. माती, पाणी, बी, आकार : किल्ला आणि भातुकली यांत साहित्याचा फरक फार थोडा आहे. एकाला आपण शौर्य म्हटले, दुसरीला घरकाम.

म्हणून चहावाला, आचारी, वडापाववाला ही भूमिका दांडग्या मुलाला मानवते. चहा ‘उकळेपर्यंत’ तो थांबतो, गिऱ्हाइकाचा हुकूम ध्यानात ठेवतो, चार कप न सांडता खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेतो. त्याची रग कमी होत नाही. तिला ये-जा करायला एक वाट मिळते.

अडचण आहे ती दुकानातल्या सेटची. तो भिंतीला टेकून उभा राहतो, त्यात पाणी नसते, ओझे नसते, वास नसतो, आणि रबरी टोमॅटो कितीही कापला तरी टोमॅटोच राहतो. चळवळ्या मुलाने तो तिसऱ्या दिवशी उलटा करून त्याची गाडी केली, तर दोष मुलाचा नव्हे. त्याच पैशात एक खरी स्टीलची परात, लहान लाटणे, चाळणी, खलबत्ता आणि दोन वाट्या येतात. खलबत्ता तर अशा पोरासाठीच घडवलेला. शेंगदाणे कुटायला जोर लागतो, आवाज होतो, आणि शेवटी कूट हाती पडते. शेजाऱ्यांची दुपारची झोप तेवढी सांभाळावी. सुरी, विस्तव आणि उकळते पाणी मोठ्यांच्या देखरेखीवाचून नको, हे उघड आहे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई आणि बाबा मिळून भाजी निवडतानाचे चित्र आले. बातम्या झाल्या, कौतुक झाले, थोडी टिंगलही झाली. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या पुस्तकाला तेव्हा १०९ वर्षे झाली होती. चित्रातल्या बाबांच्या हातात भाजी आहे. शेजारी मुलगाही बसला असता तर बरे झाले असते.

बोनकोड्यात आता भात पिकत नाही. पण हिवाळ्यात तुर्भ्याच्या बाजारात मटाराच्या गोण्या येतात, माथाडी त्या पाठीवरून उतरवतात आणि संध्याकाळपर्यंत कोपरखैरण्याच्या हातगाड्यांवर हिरवा ढीग लागतो. चार वर्षांच्या मुलग्यापुढे पाव किलो शेंगा आणि एक पातेले ठेवावे. निम्मे दाणे पोटात जातील, काही पलंगाखाली घरंगळतील आणि त्यांच्यामागे तो स्वतः सरपटत जाईल. उरतील तेवढ्यांची उसळ रात्री करावी, आणि ताटे वाढायची वेळ झाली की पळी त्याच्या हाती द्यावी.